खरंय का? आणि मग पुढं?

वाचनवेड्या माणसाला पुस्तक भेट देणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे घेऊन जाणं. तो हसून पुडा घेतो, "कशाला त्रास घेतलात" म्हणतो, आणि आपली पाठ वळली की खवा कुठला ते ओळखतो. तरीही २०१९ साली मी हा उद्योग केला, कारण प्रसंग आमच्या मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा होता.

मामा भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. आदल्याच वर्षी मामी गेली. मामांनी सगळ्यांना बजावलं, "जोडीनं बसायला कोणी नाही, तेव्हा होम नको, तुला नको. या, जेवा आणि जा." ते ठीक होतं. पण मामी गेल्यापासून त्यांनी पुस्तकाला हात लावला नव्हता. कपाटाला कुलूप, किल्ली देवघरात. "तुम्ही काहीतरी आणा, पण मामांना वाचतं करा," असं आमच्या सौभाग्यवतींनी फर्मान काढलं, जणू मी कुणी वैद्यच होतो.

इथे मामांच्या वाचनाची पद्धत सांगितली पाहिजे. ते एकटे वाचत नसत. रात्री जेवणं झाली की मामा मोठ्यानं वाचत आणि मामी समोर बसून वाती वळी, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडी. कथाकादंबऱ्या त्या घरात फारशा चालत नसत, घडलेली हकीकत लागे. मामा मधेच चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "खरंय का हे?" मामी हातातलं सूप न थांबवता म्हणे, "मग पुढं?" आपल्याकडे समीक्षेचे जाडजाड ग्रंथ निघाले, पण खऱ्या गोष्टीच्या पुस्तकाला या दोन प्रश्नांपलीकडे विचारण्यासारखं काही असतं असं मला वाटत नाही. पहिल्या प्रश्नाला उतरणारी पुस्तकं पुष्कळ. ती बहुधा गॅझेटियरसारखी असतात. दुसऱ्याला उतरणारीही कमी नाहीत. ती बहुधा थापा असतात. दोन्हींना पुरून उरणारं पुस्तक शोधायला मी बाजारात निघालो.

जालन्यात बियाणं मिळतं, सळई मिळते, मोसंबी तर मिळतेच. पुस्तकांच्या दुकानात मात्र गाईडं आणि वह्या. मी म्हटलं, "एखादी खिळवून ठेवणारी खरी गोष्ट द्या." दुकानदारानं 'मृत्युंजय' काढलं. "कर्णाची खरी गोष्ट आहे साहेब." मी काय बोलणार? ज्या भाषेत कल्पित कथा छापणाऱ्या नामांकित मासिकाचं नाव १९८२ साली ते बंद पडेपर्यंत 'सत्यकथा' होतं, त्या भाषेतल्या दुकानदाराला दोष कसा द्यावा?

मग मी मामांच्या घरात पूर्वी झालेल्या प्रयोगांची मनात उजळणी केली.

'पॅपिलॉन' रवींद्र गुर्जरांच्या मराठीत त्या घरात आलं, तेव्हा मामीनं दोनदा दूध उतू घालवलं होतं. छातीवर फुलपाखरू गोंदलेला तो फ्रेंच कैदी नारळ भरलेल्या पोत्यांवर बसून समुद्रात उडी घेतो, त्या रात्री तर तिनं मामांना दिवा मालवू दिला नाही. दुसऱ्या प्रश्नाला शंभर गुण. पुढे मामांच्या वाचनात आलं की त्यातल्या बऱ्याच हकीकती इतर कैद्यांच्या आहेत, शारियेरनं त्या स्वतःच्या नावावर घातल्या, असा आक्षेप फ्रान्समध्येच घेतला गेलाय. लेखकाच्या चुका लाल पेन्सिलीनं खोडणाऱ्या या माणसानं मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तिला सांगू नकोस." मामीला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि पुढची अनेक वर्षं जो कोणी मामांच्या शाळेत पाहुणा आला, त्यानं ते भेट दिलं. चार प्रती जमल्या. पुस्तक चांगलं आहे. गुलामीत जन्मलेलं, पळवून नेलेलं ते पोर एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालं, हे ऐकून मामी पहिल्यांदा म्हणाली होती, "घोडा चांगला होता का?" पण पाचवी प्रत नेण्याचं धैर्य मला नव्हतं.

'स्मृतिचित्रे' तर त्यांच्या घरात जवळजवळ नातेवाइकासारखं. लक्ष्मीबाई टिळकांना खिळवून ठेवायला खून लागत नाही आणि वादळही लागत नाही. नवरा न सांगता घराबाहेर पडला एवढं वाक्य पुरतं. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, हा प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यात भाषणं घातली असती. बाई स्वतःचा वेडेपणासुद्धा हसून सांगतात, म्हणून मामांनी एकदाही "खरंय का?" विचारलं नाही. आपल्या फजितीचा खोटा पुरावा कोण देईल? पण त्या प्रतीचा कणा तीनदा चिकटवलेला. ती नव्यानं काय द्यायची?

आणि १९७९ साली आलेलं प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी'. आपल्याच मराठवाड्यातलं, आईबापांविना वाढलेल्या उपाशी पोराचं. मामा वाचत होते. त्या रात्री मामी "मग पुढं?" म्हणाली नाही. सूप खाली ठेवून बसली. वर्गातल्या मागच्या रांगेकडे आपण कधी नीट पाहिलं का, हा प्रश्न मामांनीही पुस्तकाला विचारला नाही, स्वतःला विचारला असावा. हे पुस्तक मोठं खरं. पण एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याच्या हातात पुन्हा देण्याचं ते नव्हे.

मामांच्या खरेपणाचं वजनमाप आमच्या असईवरून ठरलेलं. २३ सप्टेंबर १८०३ला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांचं सैन्य तिथे हरवलं. वाटाडे म्हणाले, केळणा ओलांडायला उतार नाही. त्यानं पाहिलं की समोरासमोरच्या काठांवर दोन गावं आहेत, म्हणजे उतार असलाच पाहिजे. इंग्रज लेखक यावर पानंच्या पानं खर्च करतात. मामा म्हणत, "त्यात अक्कल कसली? आमच्या म्हशींनाही ठाऊक होतं." पण हेच वाक्य ते नदीवर नेऊन प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. पुढे नेपोलियनला हरवणाऱ्या माणसाच्या गोष्टीतला हा एक उतारच त्यांना खरा वाटे. बाकी मुलूखगिरी.

तेव्हा मला मामांची वही आठवली. कपाटातल्या पुस्तकांची नोंद ते वहीत ठेवत. तिच्यात एका नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं : 'न वाचताच गेले'. कुणा शिक्षकमित्रानं कोरं पुस्तक उसनं नेलं, मग बदली झाली, आणि पुस्तकाचीही. ते पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'.

पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. डोक्यावर घरचं कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाला. साल १८५७! मुहूर्त काढणाऱ्या माणसानं असा मुहूर्त गाठावा यातच पुस्तकाची निम्मी गंमत आहे. तो वीर नाही आणि तसा आवही आणत नाही. घाबरला की घाबरलो म्हणतो. जेवण कुठे मिळालं, दक्षिणा किती मिळाली, कुणी लुबाडलं, याचा हिशेब देतो. आणि अशा हिशेबी माणसाच्या डोळ्यांसमोर १८५८ साली झाशीत गोरे शिरतात, तेव्हा कादंबरीकाराच्या दहा तलवारी फिक्या पडतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी पठाणी वेशातली तहानलेली राणी भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती विद्वान ब्राह्मणाला ते करू देत नाही. प्रसंग एवढाच. पण रचणाऱ्यानं इथे राणीच्या तोंडी स्वराज्याचं व्याख्यान घातलं असतं. शेवटी हा गृहस्थ पैशांऐवजी गंगेची कावड घेऊन घरी येतो आणि आईवडिलांना स्नान घालतो.

आता अडचण. भटजींनी हे सगळं सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलं, आणि चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली छापताना भाषेवर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणला. वैद्यांची प्रत झरझर वाचता येते, मूळ पाठ अडखळत जातो पण बोलतो त्या भटजींच्याच तोंडून. म्हणजे एक प्रत मामीची आणि एक मामांची! मूळच घ्यायचं ठरवून मी औरंगाबादपर्यंत (तेव्हाचं नाव) गेलो. दुकानात वैद्यांची प्रत होती. मूळ? "मागवावं लागेल." जेवण दुसऱ्या दिवशी होतं.

मी तीच घेतली आणि पहिल्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलं : 'यात वैद्यांचा हात फिरला आहे. मूळ पाठ मागाहून आणून देतो.' मामांनी जेवणानंतर पुडकं सोडलं, ते वाक्य वाचलं, "बरं" म्हणाले, आणि पुस्तक फळीवर ठेवलं. परतताना गाडीत सौभाग्यवती माझ्याशी बोलल्या नाहीत.

दहा दिवसांनी रात्री साडेअकराला फोन वाजला. या वेळी भोकरदनहून फोन म्हणजे पोटात गोळाच.

"अरे, तो भट झाशीत अडकलाय. शहरात गोरे शिरलेत. हा सुटतो ना रे?"

"मामा, सुटला म्हणून तर घरी येऊन पुस्तक लिहिलं."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग हेडमास्तरी आवाज आला, "पुढचं सांगू नकोस. आणि हे बघ, त्या वैद्यांनी कुठेकुठे हात फिरवलाय तेही आत्ता नको. याला आधी झाशीबाहेर पडू दे."