ऊब आणि हिशेब

टीकालेखाची सुरुवात दुसऱ्याच्या लेखनापासून करण्याचा रिवाज आहे. मी ती स्वतःच्या लेखनापासून करणार आहे.

गेल्या दसऱ्यानंतर कळमनुरीजवळच्या आमच्या मळ्यात मी तीन दिवसांचे गोधडी-शिबिर भरवले. मळा म्हणजे नोकरीच्या पैशातून घेतलेले चार एकर रान आणि त्यातले तीन खोल्यांचे घर. पुण्या-मुंबईहून अकरा बाया आल्या. शिकवायला बौद्धवाड्यातल्या चौघी आणि मांगवाड्यातली एक अशा पाच जणी होत्या. शिबिराचे पत्रक मीच लिहिले होते. त्यात तीन गोष्टी ठळकपणे मांडल्या होत्या : ‘शरदातले निवांत दिवस’, ‘विस्मरणात चाललेली लोककला’ आणि ‘आजीच्या मायेची ऊब’. मी तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. प्रस्थापित साहित्यातली पांढरपेशी जाणीव कशी ओळखावी, हे विद्यार्थ्यांना सांगत आले. ती जाणीव माझ्याच पत्रकात किती सहज येऊन बसली होती, हे मला शिबिर संपल्यावर कळले. म्हणून हे पत्रकच मी परीक्षणासाठी पुढे घेते.

पहिला शब्दप्रयोग ‘शरदातले निवांत दिवस’. हे दिवस कोणाचे निवांत असतात? आमच्या भागात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी चालू असते. लगोलग कापसाची वेचणी सुरू होते. मजूर बाईच्या हाताला वर्षात सर्वांत जास्त काम आणि त्यातल्या त्यात बरी मजुरी मिळते ती याच दिवसांत. मराठवाड्यातली ऊसतोड कामगारांची कुटुंबेही याच सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या बिऱ्हाडात भांड्यांबरोबर वाकळांचा गठ्ठा असतोच, कारण पुढचे चार-पाच महिने कोपीत काढायचे असतात. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पत्रकात मी तो शब्द टाळला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

शिकवायला आलेल्या पाच जणींनी काढणीचे तीन दिवस सोडले होते. मी त्यांना ‘मानधन’ दिले. नंतर हिशेब केला, तेव्हा ते काढणीच्या हजेरीपेक्षा कमी भरले. मजुरी म्हटले असते तर त्यांनी ती मागून घेतली असती. मानधन म्हटल्यामुळे मानच मोठा झाला आणि धन आटले. शब्द बदलून पैसे कमी करण्याची ही युक्ती गावकीत फार जुनी आहे. ती मी वापरली, आणि वापरते आहे हे माझ्या लक्षातही आले नाही.

दुसरा शब्दप्रयोग ‘विस्मरणात चाललेली लोककला’. विसरले कोण? आणि विसरले की मुद्दाम टाकून दिले?

येथे चिंधीचा इतिहास सांगणे भाग आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे आणि मेलेल्यांची वस्त्रे अंगावर घालावीत, असा दंडक आहे. तो केवळ पोथीत राहिला नाही. गावकीच्या कामाच्या मोबदल्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा हक्क मानला जाई. ज्या समाजाला वस्त्र मिळे तेच उतरलेले, फाटलेले किंवा प्रेतावरचे, त्याच्या वाकळीत नेमके काय शिवले गेले असेल, याची कल्पना ‘लोककला’ या शब्दावरून येत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची ओळख सांगणारे दागिने टाकून देण्यास सांगितले. वस्त्राचा प्रश्न हा माणूसपणाचा प्रश्न आहे, हे त्या बायांनी ओळखले आणि नेसणे बदलले.

या शिकवणुकीत वाढलेल्या आम्ही घरातल्या वाकळा टाकल्या. मला नोकरी लागली त्या वर्षी पहिल्या पगारातून मी सोलापुरी चादरी आणल्या आणि आईच्या दोन वाकळा गोठ्यात टाकल्या. आई काही बोलली नाही. मला त्या वेळी त्यात मुक्ती दिसली, आणि ती खोटी नव्हती. उतरलेल्या कापडाखाली न झोपण्याचा हक्क हा लढून मिळवलेला हक्क आहे. तेव्हा आमच्या पिढीने वाकळ ‘विसरली’ असे म्हणणे म्हणजे एका नकाराला विस्मरण ठरवणे होय. विस्मरण म्हटले की कोणाचाच दोष उरत नाही आणि जतन करायला बाहेरून कोणीही येऊ शकते.

परंतु या नकारात आमची एक चूक झाली, तीही मांडली पाहिजे. चिंधी नाकारताना आम्ही ती जोडणारा हातही नाकारला. दलित साहित्यातली मी शिकवलेली बहुतेक पाने डोळ्यांपुढे आणते, तेव्हा वाकळ दिसते ती दारिद्र्याचा पुरावा म्हणून. ती फाटकी असते, कुबट असते, अपुरी पडते. हे खरेच आहे. पण ती कोणी, कशी, कोणत्या विचाराने शिवली, हे आमचा निवेदक क्वचितच पाहतो. प्रस्थापित लेखकाने वाकळीत माया पाहिली, आम्ही भूक पाहिली. दोघांनाही कारागीर दिसली नाही. आमच्याच जिल्ह्यातली नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते. शिंपीकाम हे त्यांच्या घराचे काम. तेव्हा सुई-दोऱ्याला मराठी परंपरेत मान नाही असे नाही. ठिगळ लावणाऱ्या बाईच्या सुईपर्यंत मात्र तो मान पोचला नाही.

याला मोठा अपवाद मला दिसतो तो ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चा (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या कामटांपासून विणलेल्या टोपल्या-सुपांसारख्या वस्तू. आईचे आयदान विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिका नाते पाहते. तेथे आईचे काम केवळ दुःखाची खूण राहत नाही, ते विद्या ठरते. ही दृष्टी आपल्या समीक्षेने अजून पुरेशी उचललेली नाही.

ती विद्या काय असते, हे मी शिबिरात प्रथमच नीट पाहिले. शिकवणाऱ्या पाच जणींत माझी एक चुलत आत्या होती, वय ऐंशीच्या पुढे. तिने आधी सगळे कापड उजेडाकडे धरून पाहिले. ज्यात जीव उरला आहे ते तळाला, ज्यात नाही ते पोटात. पोटातले तुकडे पसरताना एकाची विरलेली बाजू दुसऱ्याच्या जाड बाजूवर येईल अशी मांडणी. खांद्याशी आणि पायाशी कापड लवकर झिजते म्हणून तेथे एक थर जास्त. मग काठाकडून आत, चौकटीमागून चौकट, धावदोरा. हे सगळे मोजपट्टीशिवाय आणि आधी न आखता. वरच्या थरात तिने एका जांभळ्या तुकड्याशेजारचा हिरवा उचलून तीन वेळा जागा बदलली. मी विचारले, “आत्या, आता काय चुकलं?” ती म्हणाली, “चुकलं नाही काही. पण नजर थितंच अडकायली.” सौंदर्याचा निर्णय याहून वेगळ्या शब्दांत कोणता सौंदर्यशास्त्रज्ञ सांगतो?

पाहुण्या बायांपैकी एकीला तिने विचारले, “कोणासाठी शिवायलीस, बाई?” ती म्हणाली, “दिवाणखान्यात भिंतीवर लावणार आहे.” आत्या हसली. “मग टाका एवढा दाट कशाला घालतीस? भिंतीला काय हिव वाजतंय?”

तिसरा शब्दप्रयोग ‘आजीच्या मायेची ऊब’. पहिल्याच रात्री हवेत गारवा आला. वाड्यातून धुऊन आणलेल्या वाकळा मी पाहुण्यांच्या उशाशी ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने दोघी-तिघींनी हळूच विचारले, “ताई, एखादं ब्लँकेट मिळेल का?” मी कपाटातून ब्लँकेटे काढून दिली. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आईच्या वाकळा गोठ्यात टाकणारी मीच होते. परंतु ज्या उबेचे दिवसभर गुणगान झाले ती अंगावर घ्यायची वेळ आली, तेव्हा तिची जात आठवली की काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याने घरची एक जुनी वाकळ दाखवायला आणली. मधोमध पांढऱ्या लुगड्याचा वीतभर तुकडा होता, आता पिवळसर पडलेला. १९५६ साली तिची आई धम्मदीक्षेला नागपूरला गेली तेव्हा नेसलेले ते लुगडे. एका पाहुणीला ती वाकळ फार आवडली. तिने बाराशे रुपये देऊ केले. आत्या म्हणाली, “इकायची नाही असं नाही. पण किंमत म्या सांगीन.” मग तिने बोटांवर मोजले. एक वाकळ पुरी व्हायला घरचे काम सांभाळून वीस दिवस. निंदणीची हजेरी अडीचशे. “पाच हजार झाले. त्यात मह्या मायच्या लुगड्याचं काही धरलं नाही.” पाहुणी हसून म्हणाली, “अहो आजी, जुनीच तर आहे!” आत्याने वाकळेची घडी घातली आणि काखेत मारली. यजमान म्हणून मी चहाचा विषय काढला. त्या क्षणी मी कोणाच्या बाजूला होते, हे त्या चहावरून कोणालाही कळेल.

त्या रात्री मला अ‍ॅलिस वॉकर या कृष्णवर्णी अमेरिकन लेखिकेची १९७३ साली प्रसिद्ध झालेली ‘एव्हरीडे यूज’ ही कथा आठवली. खेड्यातल्या आईच्या दोन मुली. शिकून शहरात गेलेली एक गावी येते आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते. एका गोधडीत यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजाच्या गणवेशाचाही तुकडा आहे. तिला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. धाकटी त्या अंथरून-पांघरून फाडील, याचे तिला दुःख. आई त्या तिच्या हातून काढून धाकटीला देते. धाकटी आजीकडून गोधडी शिवायला शिकलेली असते. ही कथा मी अनेकदा शिकवली, आणि दर वेळी स्वतःला आईच्या जागी ठेवले. शिबिरानंतर कळले की मी शहरातून आलेली थोरली आहे.

कथेला वास्तवाचीही जोड आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथल्या गुलामांच्या वंशज स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवीत आल्या. नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, १९६६ साली, त्या परिसरातल्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मतदारयादीत नाव नोंदवल्याबद्दल घरे-जमिनी गमावलेल्या कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळू लागले. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या मांडल्या गेल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. तरीही २००७ साली काही जणींना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. म्हणजे कौतुक संग्रहालयापर्यंत पोचले तरी हिशेब आपोआप मिटत नाही. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. तेथल्या स्त्रियांच्या सुईकडून घेण्यासारखेही बरेच होते, ते घ्यायचे राहून गेले.

या सगळ्यातून मला एवढेच म्हणायचे आहे की, हातच्या कामाबद्दलचे कोणतेही लेखन, मग ते कविता असो, आत्मकथन असो की माझ्यासारखीचे पत्रक, चार प्रश्नांना उभे केले पाहिजे. कापड कोणाचे होते आणि ते कसे आले? शिवले कोणी, आणि तिचे नाव आहे का? मोबदला किती मिळाला आणि किंमत कोणी ठरवली? पांघरणार कोण? या प्रश्नांना बगल देणारी ऊब उसनी आहे. आणि केवळ पहिल्या प्रश्नावर थांबणारा विद्रोह अपुरा आहे, कारण तो चिंधीचा निषेध करतो पण शिवणारीला ओळखत नाही.

पुढचे शिबिर काढणी-वेचणी उरकल्यावर, माघात घ्यायचे ठरले आहे. शिकवणाऱ्यांना काढणीच्या दराने मजुरी मिळेल, प्रत्येक वाकळीच्या कोपऱ्यावर शिवणारीचे नाव दोऱ्याने घातले जाईल आणि किंमत तीच सांगेल. नवे पत्रक मी पाचही जणींना वाचून दाखवले. ‘माया’ हा शब्द काढून टाकू का, असे विचारले. आत्या म्हणाली, “ऱ्हाऊ दे. माया काय खोटी होती? पण आधी मजुरीचं लिही.”

तसे लिहिले आहे. माझ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. घरात एखादी वाकळ उरली असेल तर तिचा फोटो काढण्याआधी शिवणारीजवळ बसा. एकेका तुकड्यावर बोट ठेवून तो कोठून आला ते विचारा, आणि ती सांगेल तसे लिहून काढा. माझी आई आता नाही. तिच्या दोन वाकळांत काय काय होते, हे मला कोणीही सांगू शकणार नाही.