खोलीचे तापमान

वाइनवर लिहिणारी मंडळी विद्वान असतात, यात वाद नाही. नुसत्या वासावरून त्यांना चेरी, ओले रान, जुने कातडे असे काय काय सापडते. आम्हां जळगावकरांना वासावरून एवढेच कळते, की शेजारी आज भरीत आहे. समीक्षेला तेवढे भांडवल पुरते.

आमच्या भाच्याने जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यातली बाटली आणली. लहानसा मळा, थंड प्रदेश, सेंद्रिय द्राक्षे. जात 'पिनो न्वार'. तिकडे तिला 'श्पेटबुर्गुंडर' म्हणतात. हा उच्चार दोन पेल्यांनंतर करावा, बरा जमतो.

आता सेंद्रिय म्हटले, की आपल्याला वाटते वेलीला पावसाखेरीज काही शिवलेले नाही. तसे नव्हे. युरोपच्या नियमांत सेंद्रिय मळ्यालाही तांबे चालते, सात वर्षांत हेक्टरी 28 किलोपर्यंत. म्हणजे आपला नाशिकचा द्राक्षवाला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मारतो, त्याच कुळातले. गंधकही चालते, फक्त कोरड्या तांबड्या वाइनला लिटरमागे 150 ऐवजी 100 मिलिग्रॅम. सोवळे आहे, पण मुकट्याचे!

धुळ्याचे आमचे एक स्नेही घोट घेऊन म्हणाले, "हाई ते आंबट शे, भाऊ!" इतके प्रामाणिक परीक्षण छापील मजकुरात क्वचित आढळते. थंडीत द्राक्ष सावकाश पिकते, आंबटपणा टिकतो. पिनोची साल पातळ, म्हणून रंगही फिका. हा दोष नव्हे, स्वभाव. आणि डिसेंबरातल्या भरितापुढे, त्यातल्या तेला-मिरचीपुढे, तोच आंबटपणा लिंबासारखा कामाला आला. कळण्याच्या भाकरीपुढे मात्र बाई गप्पच बसल्या.

आमची तक्रार बाटलीशी नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या शब्दांशी आहे. तांबडी वाइन म्हणे खोलीच्या तापमानाला प्यावी. कोणाच्या खोलीच्या? तिकडची जुनी दगडी खोली सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यात जळगावात बाहेर 45 अंश. घरात ठेवलेल्या बाटलीचा काढा होतो.

हेच शब्द घेऊन लोक नाशिकची वाइन तपासायला बसतात, आणि ती नापास होते. नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात आणि पाऊस सरता सरता; म्हणून फळ थंडीत पिकते. युरोपात थंडी नांदते, आपल्याकडे ती माहेरपणाला येते. तेव्हा आपल्या वाइनीत चेरी कशाला शोधायची? जांभूळ म्हणा, करवंद म्हणा, मेहरूणचे बोर म्हणा. निदान खाल्लेले तरी असते.

तर निकाल असा: ही जर्मन बाटली डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, भरिताबरोबर, खुशाल खोलीच्या तापमानाला घ्यावी. उरलेले दहा महिने ताक.