घरी लिहिलेल्या पत्रांतील गिरगाव : मार्गारेट विल्सन यांच्या पत्रांचा भाषिक विचार

अव्वल इंग्रजी काळातील मराठीचा इतिहास लिहिताना अभ्यासक प्रायः व्याकरणे, कोश आणि मुद्रित ग्रंथ यांवर विसंबतो. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ जानेवारी १८३२ मध्ये सुरू झाले आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. ही साधने मोलाची खरीच. परंतु ती पुरुषांनी, मुख्यतः पुरुषांच्या विद्याव्यवहारासाठी सिद्ध केलेली आहेत. त्याच वर्षांत मुंबईतील बायका व मुली घरात, विहिरीवर आणि नव्याने निघालेल्या शाळांत काय बोलत होत्या, याचा सुगावा त्यांतून क्वचितच लागतो. अशा वेळी मिशनरी स्त्रियांनी स्वदेशी घरच्या मंडळींना लिहिलेली पत्रे अभ्यासकाला मोहात पाडतात, कारण त्यांत दिनचर्या असते, माणसे असतात, संवादही असतात. हा मोह कितपत सार्थ आहे, हे मार्गारेट विल्सन यांच्या पत्रांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मार्गारेट बेन यांचा जन्म स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे १७९५ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ऑगस्ट १८२८ मध्ये त्यांचा विवाह जॉन विल्सन यांच्याशी झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दांपत्य हिंदुस्थानास निघाले. फेब्रुवारी १८२९ मध्ये ती दोघे मुंबईस पोचली तेव्हा पती अवघे चोवीस वर्षांचे होते, पत्नी तेहतीस वर्षांच्या होत्या. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची ठाणी तेव्हा कोकणात बाणकोट–हर्णैच्या बाजूस होती. मराठीचा पहिला अभ्यास तेथेच झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईस परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढण्यास आरंभ केला. गावदेवी येथील सेंट कोलंबा शाळा आपले मूळ याच प्रयत्नात, १८३२ मध्ये शोधते. गिरगावातील आंब्रोली हे नाव विल्सन यांच्या मिशनशी कायमचे जोडले गेले.

शाळा पाहणे, शिक्षकांशी व्यवहार, घरी येणाऱ्या बायकांशी बोलणे, भाषेचा अभ्यास, मिशनच्या नियतकालिकासाठी लेखन आणि या सर्वांसोबत प्रपंच, आजारपणे व तान्ह्या अपत्यांचा वियोग, असा त्यांचा काळ गेला. १८३५ च्या आरंभी पती गुजरात–काठेवाडच्या दौऱ्यावर असताना मुंबईचा भार त्यांच्यावरच होता. पती परतल्यावर थोड्याच दिवसांत, १९ एप्रिल १८३५ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांचे मुंबईतील वास्तव्य म्हणजे जेमतेम सहा वर्षे.

२

हे जीवन आपल्याला ज्या ग्रंथातून कळते तो जॉन विल्सन यांनी लिहिलेला चरित्रग्रंथ १८३८ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. त्यात पत्रांतील व दैनंदिनींतील उतारे समाविष्ट असल्याचे ग्रंथाच्या नावातच सांगितले आहे. ‘उतारे’ या शब्दाकडे अभ्यासकाने दुर्लक्ष करता कामा नये. उतारा म्हटला की निवड आली, आणि निवडणारा येथे एकाच वेळी शोकाकुल पती, मिशनचा प्रमुख आणि स्वदेशीय वाचकांचा लेखक आहे. बहिणीला लिहिलेल्या पत्रातील कोणते वाक्य धर्मकार्याला पोषक आणि कोणते केवळ घरगुती, हे त्याने ठरविले. कापडाचा भाव, स्वयंपाकघरातील अडचण, चाकरमाणसांशी बोलताना झालेली शब्दांची गफलत, असा मजकूर मूळ पत्रांत असल्यास तो याच चाळणीत गळण्याचा संभव अधिक. आणि भाषेच्या अभ्यासकाला हवे असते ते नेमके हेच.

शिवाय मिशनरीचे घरचे पत्र केवळ घरचे राहत नसे. अशी पत्रे सभांतून वाचली जात, मासिकांतून छापली जात. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. पुढे या मिशनच्या दैनंदिनींना बोस्टनच्या ‘मिशनरी हेरल्ड’मध्ये स्थान मिळत आले. आपले पत्र पाच माणसांत वाचले जाणार ही जाणीव लिहिणाऱ्याच्या लेखणीवर काम करीतच असणार. त्यामुळे खाजगी आणि सार्वजनिक ही विभागणी या पत्रांना काटेकोरपणे लागू पडत नाही.

टपालाचाही विचार केला पाहिजे. केपला वळसा घालून येण्यास विल्सन दांपत्याला साडेपाच महिने लागले; पत्रेही बहुतांशी त्याच वाटेने जात. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला प्रथम गेली ती १८३० मध्ये, आणि तो मार्ग नियमित होण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. पत्र आणि उत्तर यांत वर्षाचे अंतर पडावे अशी स्थिती. लिहिणारीचा ‘आज’ हा वाचणारीचा ‘आज’ कधीच नव्हता. मूल बरे असल्याचे वर्तमान पोचेपर्यंत मूल हयात असेलच, अशी खात्री कोणास देता येत नसे. दिवसाच्या नोंदी साठवून एकदम धाडण्याची दैनंदिनीवजा पत्राची पद्धत अशा परिस्थितीत रूढ झाली. तिच्यातील तपशिलांची रेलचेल ही स्वभावाइतकीच अंतराचीही देणगी आहे.

३

आता मुख्य प्रश्न. या पत्रांतील गिरगाव मराठी बोलते, परंतु पत्रे इंग्रजीत आहेत. संवाद आहेत, पण भाषांतरित. या भाषांतरात काय हरवते हे नेमके सांगता आले पाहिजे. ‘मूळची गोडी गेली’ असे मोघम विधान शास्त्रात उपयोगी नाही. तीन ठिकाणे सांगता येतील.

पहिले, संबोधन. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या निवडीतून वय, जात, नाते व दर्जा प्रकट होतात. शेजारची बाई परदेशी बाईस ‘तुम्ही’ म्हणाली की ‘तू’, आणि शाळेतल्या मुलीशी परदेशी बाई कोणत्या सर्वनामाने बोलल्या, याचे उत्तर इंग्रजीतील एकाच ‘यू’ने पुसून टाकले आहे. सत्ता आणि जवळीक यांचा सारा हिशेब या तीन शब्दांत होता.

दुसरे, लिंग. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते: पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’, ‘जात्ये’सारखी रूपेही स्त्रियांच्या तोंडी होती. परदेशी लोकांना भाषा शिकविणारे पंडित पुरुष असत. पंडिताच्या तोंडचे वाक्य मिशनरी पुरुषास जसेच्या तसे घेता येई. त्याच्या पत्नीस मात्र प्रत्येक वेळी ते बदलून घ्यावे लागे, आणि बदललेले रूप बरोबर की चूक हे तिला बायकांच्याच तोंडून कळणार. तेव्हा शाळेतील मुली आणि घरी येणाऱ्या बायका या तिच्या शिष्या असताना एका अर्थी तिच्या गुरूही होत्या. पत्रांतील नात्याची दिशा शिकविणारीकडून शिकणारीकडे अशी दिसते. भाषेच्या व्यवहारात ती उलटही वाहत असली पाहिजे. त्यातही प्रथम कानी पडली ती कोकणपट्टीची मराठी, पंडिताची ग्रांथिक, आणि मुंबईची अनेक जातींची सरमिसळ झालेली. या तिन्हींचा मेळ बाईंनी कसा घातला, याविषयी इंग्रजी पृष्ठ मुके राहते.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे. इंग्रजीतील ‘आवर’ या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत. ‘आमचा देव’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपला देव’ म्हटले की तो सामील होतो. धर्मोपदेशाच्या संवादात यापेक्षा निर्णायक फरक दुसरा नाही. उपदेश करणारीने ‘आपली पापे’ म्हटले असेल तर तिने स्वतःस ऐकणाऱ्या बायकांच्या पंक्तीस बसविले. ‘तुमची पापे’ म्हटले असेल तर न्यायासन घेतले. उत्तर देणारी बाई ‘आमचा धर्म’ म्हणाली असेल तर तिने दार लावून घेतले. धर्मांतराचा अवघा प्रश्न या सर्वनामांत साठविलेला असताना इंग्रजी उताऱ्यात तो दिसतच नाही. संवाद वाचणाऱ्यास बाईंची कळकळ कळते, पण ती कोणत्या बाजूस उभी राहून बोलली हे कळत नाही.

४

या पत्रांचा विचार आजवर बहुधा दोन टोकांनी होत आला आहे. एका पक्षाला त्यांत त्यागाचा आदर्श दिसतो, तर दुसऱ्यास केवळ परधर्माची निंदा. दोन्ही पक्ष पत्रांतील विधानेच प्रमाण धरतात, एक मान डोलावण्यासाठी आणि दुसरा खोडण्यासाठी. भाषाभ्यासकास यांपेक्षा पत्रांतील प्रसंग अधिक मोलाचे आहेत: कोण, कोठे, कोणाशी, किती वेळा बोलले. स्त्रियांच्या हिंदू मतांविषयीचे बाईंचे निष्कर्ष पूर्वग्रहदूषित असू शकतील. परंतु १८३० च्या सुमारास एक परकी स्त्री मुंबईतील बायकांशी मराठीत बोलत होती आणि त्या तिला उत्तरे देत होत्या, हा प्रसंग त्या पूर्वग्रहाने खोटा ठरत नाही.

तुलनेसाठी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्याच काळातील पुरुषांचा धर्मवाद मराठीत छापला गेला: मोरभट दांडेकर यांचा ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ १८३१ चा आहे. चौकातला वाद असा मूळ भाषेत टिकला. माजघरातले बोलणे मात्र भाषांतरात अडकले. आणि अर्धशतकाने दिशा उलटली. पंडिता रमाबाई इंग्लंडात ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास गेल्या व तेथून स्वदेशी त्यांनी प्रवासाचे पत्र मराठीत लिहिले. ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे परका देश आपल्या भाषेत आला आहे, आणि मराठी सर्वनामे जागच्या जागी आहेत. पुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त धर्मांतराची घरगुती बाजू थेट बोलीत उतरली. या दोन कृतींजवळ ठेवून पाहिले म्हणजे मार्गारेटबाईंच्या पत्रांतील उणीव नेमकी किती, याचे माप मिळते.

यावरून संशोधनाची पद्धती सुचते. पत्रांतील प्रत्येक संवाद स्वतंत्र नोंदीवर घ्यावा. बोलणारे, स्थळ व प्रसंग लिहावेत. त्या वाक्याची शक्य असलेली मराठी रूपे मांडावीत. आणि ती तत्कालीन मिशनपत्रके, शालेय पुस्तके व मोल्सवर्थ-कोशातील नोंदी यांच्याशी ताडून पाहावीत. एकच रूप सिद्ध करण्याचा हट्ट धरू नये. कोणकोणती रूपे शक्य होती आणि प्रत्येकाने संवादाचा अर्थ कसा बदलतो, हे दाखविणे हेच फलित मानावे. मूळ ग्रंथ आता महाजालावर वाचावयास उपलब्ध असल्याने हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

घरी लिहिलेल्या या पत्रांना मराठी भाषेचे थेट साधन म्हणता येणार नाही. परंतु जिचे शब्द कोणी टिपले नाहीत अशी गिरगावची बाई त्यांत उपस्थित आहे, आणि तिची उपस्थिती सिद्ध करणारे पुरावे त्या काळात इतके विरळ आहेत की भाषांतराचा दोष दाखवून हा पुरावा टाकून देणे अभ्यासकास परवडणारे नाही.