पडद्यावरचे मेहमान

हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'मेहमान कलाकार' अशी एक पाटी वर्षानुवर्षे दिसत आली आहे. मराठीत आपण 'पाहुणा कलाकार' म्हणतो. दोन मिनिटांसाठी एखादा मोठा नट अचानक पडद्यावर येतो, प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजतात आणि तो निघून जातो. या प्रकाराकडे समीक्षक गंमत म्हणून पाहतात आणि पुढे सरकतात. आम्हाला मात्र वाटते की चित्रपटाची नियत ओळखायची असेल तर त्याचा मेहमान पाहावा. आपल्या घरांतून मेहमाननवाजीची तहजीब शिकवली जाते, त्यात यजमानाने काय करावे हे असते, तसे मेहमानाने कसे बसावे, केव्हा उठावे हेही असते. घरच्या कारभारात त्याने पडू नये. हीच कसोटी पडद्याला लावून पाहू.

बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' 1953 सालचा. कर्जापायी जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू, म्हणजे बलराज साहनी, आणि गावी मागे राहिलेली त्याची पत्नी पार्वती, म्हणजे निरूपा रॉय. या धुळीने माखलेल्या चित्रपटात मीनाकुमारी येते. 'बैजू बावरा' 1952 मध्ये येऊन गेला होता, तिचे नाव घरोघरी पोचले होते. त्याच सुमारास बिमल रॉय तिला घेऊन 'परिणीता' करत होते. अशी नायिका येथे जमीनदारघरच्या स्त्रीच्या भूमिकेत येते, लताच्या आवाजात एक अंगाई गाते आणि जाते. पुन्हा चित्रपट तिची आठवण काढत नाही. आम्हाला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. ती आली म्हणून पार्वतीचे दुःख बाजूला पडत नाही. आणि ज्यांच्या हाती जमीन आहे त्यांच्या घरातही एक मायाळू स्त्री असू शकते, हे तिच्या चेहऱ्यामुळे न बोलता कळते. हीच भूमिका अनोळखी बाईने केली असती तर आपण तो प्रसंग विसरलो असतो. प्रसिद्धीचा हा असा वापर हिंदी पडद्यावर फार थोड्यांनी केला.

'काला बाजार'ची गोष्ट वेगळी. विजय आनंद यांच्या या 1960 सालच्या चित्रपटात देव आनंद हा नोकरी गेलेला बस कंडक्टर आहे. तो सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकू लागतो. मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात 1957 मध्ये महबूब खान यांच्या 'मदर इंडिया'चा प्रीमियर झाला, त्याचे खरे चित्रीकरण यात वापरले आहे. नर्गिस येते, दिलीपकुमार येतो, लता मंगेशकर, गुरुदत्त, गीता दत्त येतात. कोणालाही संवाद नाही, कोणाचीही भूमिका नाही. ते आपल्याच समारंभाला आलेले आहेत. बाहेर फुटपाथवर मात्र एक कल्पित माणूस त्याच समारंभाची तिकिटे चढ्या भावाने विकतो आहे. आत जाणाऱ्या ताऱ्यांना ठाऊकही नाही की त्यांच्या नावावर कोणाची चूल पेटते आहे. शेतकऱ्याच्या सावकारी कर्जावरचा चित्रपट आणि त्याच्या दारात काळा बाजार, यातली खोच विजय आनंद यांनी शब्दाने सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती.

'दो बीघा जमीन'चे संकलन हृषिकेश मुखर्जी यांचे होते. अठरा वर्षांनी त्यांनी 'गुड्डी' केला, गुलजार यांच्या कथेवर. शाळकरी कुसुम, म्हणजे जया भादुरी, धर्मेंद्रच्या प्रेमात आहे. तिच्या मनातली ही भूल उतरवण्यासाठी तिच्या वहिनीचा मामा चक्क धर्मेंद्रलाच गाठतो. म्हणजे येथे तारा मेहमान म्हणून येतो तो स्वतःची मूर्ती स्वतःच्या हाताने खाली उतरवायला. एरवी पडद्यावर खलनायक असलेला प्राण समोर आल्यावर गुड्डी बावरते, तेव्हा आपणही थोडे हसतो आणि थोडे शरमतो. पण या चित्रपटाचा गाभा आमच्या मते ओसाड पडलेल्या स्टुडिओत आहे. धर्मेंद्र तेथे उभा राहून बिमल रॉय यांची आठवण काढतो. 'बंदिनी'मध्ये त्याने त्यांच्याच हाताखाली काम केले होते. त्या क्षणी तो नट राहत नाही, मुरीद होतो.

'गोलमाल'मधला अमिताभही याच घरातला. अमोल पालेकरच्या स्वप्नात तो बिनकामाचा बसून राहतो आणि स्वतःवरची ही थट्टा हसत स्वीकारतो.

पुढे हा अदब राहिला नाही. 'ओम शांति ओम'च्या एका गाण्यात, 2007 साली, तीसहून अधिक तारे एकामागून एक येऊन नाचून जातात. गाणे मजेचे आहे, तक्रार करावी असे काही नाही. पण ती हजेरी आहे, शाळेच्या पटावर घेतात तशी. 2023 च्या 'पठान'मध्ये सलमान खान शाहरुखच्या मदतीला धावतो आणि त्याच वर्षी 'टायगर 3'मध्ये शाहरुख ते फेडतो. लग्नातला आहेर आणि परतीचा आहेर! मराठीत 2014 च्या 'लय भारी'मध्ये सलमान आला तेव्हाही टाळ्या कथेला मिळाल्या नाहीत, त्याच्या येण्याला मिळाल्या. आपल्या लोकांतही अशा वेळी कोणता खान कोणत्या चित्रपटात डोकावला याची मोजदाद आवडीने होते. नावे मोजण्याला आम्ही रसिकता म्हणत नाही. मीनाकुमारीचे खरे नाव महजबीन होते, हे कळल्याने ती अंगाई काही अधिक गोड होत नाही.

आणखी एक मेहमान असतो, तो येतो तेव्हा कोणीच त्याला ओळखत नाही. 1947 च्या 'जुगनू'मध्ये दिलीपकुमार आणि नूरजहाँ यांच्या चित्रपटात तरुणांच्या घोळक्यात गाणारा एक हसरा मुलगा दिसतो. तो मोहम्मद रफी. पुढे ज्याचा आवाज सगळ्यांना पाठ झाला, त्याचा चेहरा तेथे पाहून आज दचकायला होते.

मीरा नायर यांच्या 1988 च्या 'सलाम बॉम्बे!'मध्ये मुंबईच्या रस्त्यावर पत्रे लिहून देणारा एक तरुण आहे. आईला पत्र धाडू पाहणारा मुलगा त्याच्यासमोर बसतो. मुलाला धड पत्ताही सांगता येत नाही. तो पत्रलेखक इरफान खान. त्या वर्षी चित्रपट पाहणाऱ्याने मुलाकडेच पाहिले असणार. इरफान 2020 मध्ये गेला. आता ते दृश्य सुरू झाले की नजर त्याच्या डोळ्यांवर, त्याच्या लेखणीवर जाते आणि मुलगा आईला काय सांगतो आहे ते ऐकण्यासाठी दृश्य पुन्हा मागे न्यावे लागते.