डार्क हॉर्स : अंधार कुणाचा?

‘डार्क हॉर्स’चं मराठीत ‘काळा घोडा’ करणं चूकच. इथे डार्क म्हणजे रंग नव्हे. पैज लावणाऱ्यांना ज्याची काहीच माहिती नाही, तो घोडा. डिझरायलीच्या ‘द यंग ड्यूक’ (१८३१) या कादंबरीत असाच घोडा शर्यत मारतो. पुढे शब्द निवडणुकीत शिरला.

‘छुपा रुस्तम’ही जुळत नाही. रुस्तम स्वतः लपतो. या घोड्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

२०२४ला अहमदनगर लोकसभेत सुजय विखेंना हरवणाऱ्या नीलेश लंकेंना हा शब्द लावून बघा. २०१९ला ते पारनेरचे आमदार झाले होते. पारनेरकरांना कसला अंधार? अज्ञान पैज लावणाऱ्यांचं असतं. शब्द मात्र आपण घोड्याला चिकटवतो.