ब्रह्मपुरी उत्खननाचा वृत्तांत

कोल्हापुरासारख्या प्राचीन नगरांत राहणारा जिज्ञासू बहुधा प्रथम करवीरमाहात्म्य उघडतो, मग शिलाहारांच्या शिलालेखांकडे वळतो. पायांखालच्या मातीचा पुरावा त्यास शेवटीं आठवतो. डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं १९४५-४६ सालीं पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर केलेल्या उत्खननाचा, १९५२ सालीं प्रसिद्ध झालेला वृत्तांत आम्हीं म्हणूनच पुनः वाचला.

ब्रह्मपुरी म्हटली कीं प्रा. कुंदणगारांस सांपडलेली पोसायडनची कांस्यमूर्तीच सर्वांस आठवते. ती रोमन व्यापाराची साक्ष खरी. पण या ग्रंथाचें बळ आमच्या मतें खापरांत व बांगड्यांच्या तुकड्यांत आहे. भाजलेल्या विटांचीं घरें सातवाहनकालीन, अनेकरंगी कांचेच्या बांगड्या बहामनी काळच्या, हें ग्रंथकार नुसत्या घाटावरून न ठरवितां थर पाहून ठरवितात. रुमालांतून सुटलेल्या कागदाची काय गत होते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. थरांतून उपटलेल्या नाण्याचीही तीच. तें अस्सल असेल, देखणेंही असेल. परंतु शेजारीं काय होतें हें त्यास विचारतां येत नाहीं.

ग्रंथ इंग्रजींत आहे हें मात्र आम्हांस खटकतें. जुन्या पेठेंत पाया खणतांना खापर प्रथम हातीं येतें तें गवंड्याच्या व घरधन्याच्या. थर कसा ओळखावा हें त्यांस मराठींत सांगणारें एखादें प्रकरण यास जोडलें असतें, तर कांहीं वस्तु तरी ठिकाणासह नोंदल्या जाण्याचा संभव होता.