उंदरांची साक्ष आणि उद्योगांचे मौन

जेराल्ड मार्कोविट्झ व डेव्हिड रॉस्नर या इतिहासकारद्वयाचा ‘डिसीट अँड डिनायल’ हा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिसे व व्हिनाइल क्लोराइड या विषारी द्रव्यांचा अमेरिकेतील इतिहास हा त्याचा विषय. येथे दुसऱ्या द्रव्यापुरताच विचार करावयाचा आहे.

व्हिनाइल क्लोराइड हा पीव्हीसी प्लास्टिकचा मूळ वायू. हवेच्या दहा लाख भागांत ३०,००० भाग या प्रमाणात तो दीर्घकाळ हुंगविलेल्या उंदरांना कर्करोग झाल्याचे इटलीच्या व्हिओला यांनी १९७० मध्ये जाहीर केले. इतकी मात्रा कामगाराच्या वाट्यास नित्य येत नाही, असा आक्षेप घेता येत होता आणि तो सर्वस्वी गैर नव्हता. परंतु बोलोन्याच्या चेझारे माल्तोनी यांना अवघ्या २५० भागांवरही यकृताच्या रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ कर्करोग आढळला, तेव्हा त्या आक्षेपाचा आधारच गेला. कारण अमेरिकेत कामगारांसाठी ५०० भागांची मर्यादा मान्य होती. १९७३ मध्ये हे निष्कर्ष उद्योगांना ठाऊक होते. गुप्ततेच्या कराराने ते झाकले गेले. जानेवारी १९७४ मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथील बी. एफ. गुडरिच कारखान्याच्या कामगारांचे याच रोगाने झालेले मृत्यू उघड झाले. त्यानंतरच मर्यादा १ भागावर आली.

कोणास, केव्हा, काय ठाऊक होते, हा प्रश्न लेखक पत्रव्यवहार व बैठकींची इतिवृत्ते यांच्या आधारे चिकाटीने सोडवितात. हस्तलिखिताचे परीक्षण करणाऱ्या पाच विद्वानांवर २००४ मध्ये रासायनिक कंपन्यांनी समन्स बजावले, यावरून या पुराव्याचे वजन ध्यानी यावे.

तथापि एक उणीव जाणवते. ग्रंथात प्राणी येतो तो केवळ पुरावा म्हणून. त्या मुक्या जिवाला वेदना देण्याचे समर्थन, करावयाचेच झाल्यास, एकाच आधारावर करता येते: त्यातून लाभणारे ज्ञान इतरांचे दुःख टाळील. ते ज्ञानच दडपले तर समर्थन संपते आणि मागे उरते ती निव्वळ हिंसा. म्हणजे मौन पाळणाऱ्यांचे अपराध दोन ठरतात: एक कामगारांप्रती, दुसरा त्या प्राण्यांप्रती. ग्रंथकारांनी पहिल्याचा हिशेब चोख मांडला आहे. दुसऱ्याचा मांडलेला नाही. तो मांडण्याची जबाबदारी आता वाचकावर येते.